टाच दोन सूत पुढे

मी टाच बोलतेय. पायाची नव्हे, बुटाची. आणि बुटाचीही साधी रुंद टाच नव्हे, जिला बायका पेन्सिल हील म्हणतात ती. उंची तीन इंच, अंगावर काळं चामडं, खालचं टोक शर्टाच्या बटणाएवढं. मी उजव्या बुटाची. डाव्या बुटाला माझी जुळी बहीण आहे, पण ती अबोल. दोघींच्या वाट्याचं मीच बोलते. मला कुणी काही शिकवलं नाही. जे शिकले ते एका बाईच्या वजनाखाली उभं राहून शिकले, तेव्हा माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका.

आतून मी प्लास्टिकची. साच्यात गरम रस ओतला, मधोमध पोलादी सळई बसवली, थंड झाल्यावर वरून चामडं चढवलं. ती सळई आहे म्हणून तर एवढ्याशा अंगावर अख्खी बाई तोलते. वर रुंद, खाली निमुळती, पाठ सरळ. मी देखणी आहे आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही.

पहिला धक्का कारखान्यातच बसला. मला बुटाला ठोकायच्या टेबलापाशी दोघांची जुंपली होती. एक म्हातारा कारागीर सांगत होता, हिला थोडी पुढे घ्या, पायाचं हाड जिथं टेकतं तिथं बसू दे. डिझाइनचा कागद धरलेला तरुण म्हणाला, "चाचा, बाजूनं बघा. मागची रेघ वरपासून खालपर्यंत सरळ उतरली पाहिजे. पुढे घेतली की बूट आखूड दिसतो. आजीबाईचा वाटतो."

म्हाताऱ्यानं मला पार मागच्या कडेला ठोकलं. मी चकित झाले. ज्या हाडाचा भार घ्यायला माझा जन्म, ते हाड माझ्या डोक्यावर येणारच नव्हतं, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

यात काय बिघडलं ते नीट समजून घ्या. बाई उभी राहते तेव्हा तिचा भार पायाच्या मागच्या हाडावरून सरळ खाली येतो. त्या हाडाखाली मी असेन तर मी तो झेलते. मी मागे राहिले तर बुटाचा मधला भाग लवतो, पाय पुढे घसरतो आणि सगळा भार चवड्यावर, बोटांवर जाऊन बसतो. मला फारच पुढे घेतलं तर उलटं होतं, बाई मागे कलंडते. लोक दोष देतात उंचीला. उंची तीच ठेवा आणि जागा बदला, मग बघा पाय काय म्हणतो ते.

पण विचारतं कोण? कतारमधल्या अल रय्यानच्या एका मॉलमध्ये मी काचेच्या फळीवर बसले होते तेव्हा रोज दहा बायका मला पायात घालून बघायच्या. आणि कशा, तर स्टुलावर बसून. आयुष्यभर जिच्यावर उभं राहायचं ती टाच या बायका बसून पारखतात, हे बघून मी थक्क व्हायचे. पाय वर उचलायचा, आरशात तिरका धरायचा, "छान दिसतंय ना?" विचारायचं, झालं. माझ्या जागेकडे एकीचंही लक्ष गेलं नाही.

रिफतनंही तसंच केलं. रत्नागिरीकडची बाई, वय चौतीस. दोह्यातल्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी तिला नुकतीच लागली होती. सहा महिने प्रोबेशन. काळे बंद बूट, बारीक टाच, उंची तीन इंच, असं नियमावलीत लिहिलेलं. माप जुळलं आणि आम्ही दोघी तिच्याबरोबर ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतल्या तिच्या फ्लॅटवर आलो.

घरात चौघं. नवरा मन्सूर, कार्गोच्या ऑफिसात क्लार्क. मुलगी हिबा, चौथीत. आणि मन्सूरची आई जैतून. ही जैतून शाळेत कधी गेली नव्हती, पण उसवलेले कपडे बघून बघून शिवण शिकलेली. या वयातही अबाया आणि शाळेचे युनिफॉर्म शिवायची. नवरा-बायकोनं एकदा समोरासमोर बसून बोलून घेतलं होतं. रिफतची नोकरी पक्की झाली नाही, तर एकट्या मन्सूरच्या पगारात हा फ्लॅट आणि हिबाची शाळा निभत नाही. मग सासू, सून आणि नात रत्नागिरीला परत, आणि मन्सूर चार पुरुषांच्या खोलीत एका खाटेवर. त्यानंतर हा विषय दोघांनीही काढला नाही.

आठ तास उभं राहायचं. लिफ्टपासून हॉलपर्यंत संगमरवर, हॉलमध्ये जाड गालिचा. गालिच्यावर माझं टोक रुतायचं, संगमरवरावर सरकायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, नवी आहे, सवय होईल. पाचव्या महिन्यात तिच्या उजव्या करंगळीचं नख काळं पडलं. तरी ती पायपुसण्यावर बूट काढायची तेव्हा आम्हाला भिंतीशी नीट जोडून ठेवायची. इतकं छळूनही आमचा मान राखणारी बाई. मला कसंसंच व्हायचं.

एका रविवारी तिची सुपरवायझर अंतरा तिला बाजूला घेऊन गेली. नाशिकची मुलगी, इतरांशी इंग्रजीत बोलायची, रिफतशी एकटीत मराठीत.

"रिफत, सकाळी तू फार छान असतेस," अंतरा म्हणाली. "पण दुपारी दोननंतर तुझा चेहरा बघवत नाही. गेस्टला वाटतं, आपण नकोसे झालोय हिला."

"सॉरी मॅडम."

"सॉरीचं नाही गं. गुरुवारी तुझा शेवटचा रिव्ह्यू आहे. तेव्हाही असंच दिसलं तर मी तुला कन्फर्म करू शकणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

रिफतनं मान हलवली. पायाचं नाव काढलं नाही. दुखतं म्हटलं तर हिला झेपत नाही असं लिहितील, ही भीती. आणि मी? दुपारी दोननंतर तिच्या तोंडावरचं हसू कोण खात होतं, ते मला त्या क्षणी कळलं. मी खात होते. मी, देखणी, सरळ पाठीची.

मंगळवारी संध्याकाळी रिफत मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसली होती. जैतून आली आणि दारातच थबकली.

"पायाला काय झालं गो?"

"काही नाही अम्मी. उभं राहून राहून."

"उभं राहिलेला पाय मला कळतो. माझी आई भातलावणीला आठ आठ तास उभी असायची, तिचे पाय सुजायचे, बोटं अशी चेंगरायची नाहीत. हे उभं राहिल्याचं नाही. हे घसरल्याचं आहे."

हिबा सोफ्यावरून म्हणाली, "दादी, इट्स फॅशन. हील्स हर्ट. एव्हरीबडी नोज."

"तुझ्या एव्हरीबडीला घेऊन ये इथं. मी त्याचे पाय बघते."

जैतूननं कधी कुणाचं ऐकलंय? तिनं रिफतला बूट घालून स्वयंपाकघराच्या फरशीवर उभं केलं. काळ्या दोऱ्याला एक जड बटण बांधलं, घोट्याच्या मागे, हाडाच्या मधोमध दोऱ्याचं वरचं टोक धरलं आणि बटण खाली सोडलं. बटण डोलत डोलत थांबलं. ते माझ्या पुढे थांबलं होतं, डोळ्यांना सहज दिसेल इतकं पुढे.

जैतूननं दोरा गुंडाळला. मग म्हणाली, "ही टाच तुझ्याखाली नाहीच गो. ही तुझ्या मागून चाललीय."

पाच महिने मला जे ओरडून सांगायचं होतं ते या बाईनं एका बटणानं सांगितलं.

"हलवून आणते उद्या," जैतून म्हणाली. बुधवारी रिफतची सुट्टी असायची.

"नको अम्मी. मागची लाइन बिघडली तर अंतरा मॅडमना लांबून कळतं."

"दोन सूत पुढे घ्यायला सांगते. तेवढं कुणाच्या बापाला दिसायचं नाही."

दोन सूत. हे शब्द लक्षात असू द्या, कारण पुढचा सगळा घोटाळा यांनीच केला.

बुधवारी सकाळी जैतून आम्हा दोघींना पिशवीत घालून मागच्या गल्लीत गेली. तिथं चपला, बॅगा, किल्ल्या दुरुस्त करायचं एक चिंचोळं दुकान आहे. काउंटरमागे पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल. जैतूननं हिंदीत सुरुवात केली.

"भाईसाब, ये जो है ना... ये पीछे का... इसका टाच..."

"मावशी, मराठी बोला की," तो माणूस म्हणाला. "टाच म्हणालात तिथंच कळलं."

त्याचं नाव निवृत्ती. बीड जिल्ह्यातला, घरची माणसं गावी. बारा वर्षं त्यानं इथल्या बांधकामांवर सुतारकाम केलं होतं, मग गुडघा गेला आणि तो या दुकानात बसला. लाकडाचा हात चामड्यावर आणला, तोही आपला आपणच. जैतूनला तो लगेच पसंत पडला.

"उद्या माझ्या सुनेची परीक्षा आहे," ती म्हणाली. "ही टाच दोन सूत पुढे घ्यायची. दोनच. जास्त नको."

"दोन सूत. बरोबर." त्यानं कानावरची पेन्सिल काढली. "आधी एकच करतो मावशी. चारला या, घालून बघू द्या, मग दुसरी."

मग माझं काय झालं ते सांगू? आतलं अस्तर उचकटलं, स्क्रू फिरवून काढला, खिळे एकेक करून उपटले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मी बुटापासून सुटी झाले. कानशीनं माझ्या डोक्याचा पुढचा ओठ घासला, जुनी भोकं भरली, नवी पाडली. मी जिवाच्या आकांतानं धरून राहायचा प्रयत्न केला, पण त्या माणसाच्या हातात घाई नव्हती आणि दयाही नव्हती. ठोकून झाल्यावर त्यानं मला काउंटरवर उभं केलं, बुटात अंगठा दाबून बघितला. बूट हलला नाही.

चार वाजता सासू-सून आल्या. रिफतनं बूट हातात घेतला, बाजूनं धरला आणि तिचा चेहरा उतरला. मागची रेघ मोडली होती. बुटाची पाठ खाली येताना मध्येच संपायची आणि मी तिथून आत, पुढे उभी. डाव्या बुटाशेजारी ठेवलं तर आम्ही जुळ्या वाटतच नव्हतो.

"हे काय केलंत तुम्ही?" रिफतचा आवाज अगदी खाली गेला होता.

"दोन सूत पुढे घेतली ताई. मोजून." निवृत्तीनं पट्टी लावून दाखवली. "हा बगा पाव इंच."

"पाव इंच?" जैतून पुढे सरसावली. "सूत म्हणजे पाव इंच कधीपासून झालं?"

"एक सूत म्हंजी इंचाचा आठवा भाग. दोन सुतं, पाव इंच. सुतारकामात दुसरं सूत कुठलं असतंय?"

"सूत म्हणजे दोरा. सुईत ओवतात तो. दोन दोऱ्यांच्या जाडीएवढं म्हणाले मी."

निवृत्तीनं पट्टी खाली ठेवली. "मावशी, दोन दोऱ्यांएवढं सरकवायला टाच कशाला काढायची? फुंकर मारली असती तरी झालं असतं."

जैतूननं पट्टी उचलून स्वतः मोजून बघितलं. मग ती म्हणाली, "माझं चुकलं गो. नवे बूट घेऊ आत्ताच्या आत्ता."

"नवे बूट पहिल्याच दिवशी आठ तास? आणि सगळीकडे टाच अशीच मागे ठोकलेली आहे अम्मी." रिफत निवृत्तीकडे वळली. "होती तशी करून द्या."

"करतो. पण आधी ऐका. एकदा काढली, एकदा ठोकली. आता परत मागं नेली तर खिळे धरतील याची खात्री मी देत नाही. उद्या पाहुण्यांसमोर निखळली तर तुमचं पण गेलं आणि माझं पण नाव गेलं. डावी हिच्यासारखी करायची तर ती पक्की होईल. काय ते तुम्ही ठरवा."

म्हणजे देखणी पण डळमळीत, नाहीतर आखूड दिसणारी पण घट्ट. एका बाईचा संसार या दोन गोष्टींच्या मध्ये लटकलेला आणि कारण काय, तर सूत. मला ते खरं वाटेना.

रिफतनं दोन्ही बूट घातले आणि दुकानात चालू लागली. काउंटरपासून दारापर्यंत सहा पावलं, परत सहा. तिसऱ्या फेरीत ती उजव्या पायावर उभी राहिली, डावा पाय फरशीवरून उचलला. आणि पहिल्यांदाच ते हाड माझ्या डोक्यावर आलं, अगदी मधोमध. केवढा तो भार. मी आजवर हिचा भार घेतलाच नव्हता, नुसती बाजूला उभी राहून बघत होते. सळई ताठ झाली, पण मी हलले नाही.

"बोटं मोकळी आहेत," रिफत म्हणाली. स्वतःशीच.

मग तिनं बूट काढून डावा काउंटरवर ठेवला. "हीपण तशीच करा."

"दिसेल गो," जैतून म्हणाली.

"दिसू दे अम्मी. दुपारी दोनचा चेहरापण दिसतोच की."

गुरुवारी सकाळी अंतरानं तिला डोक्यापासून खालपर्यंत पाहिलं. नजर आमच्यावर आली आणि तिथंच थांबली. तिनं टॅबलेटवर काहीतरी लिहिलं आणि निघून गेली. रिफत लिफ्टकडे वळली.

त्या दिवशी हॉलमध्ये दंतवैद्यांचं संमेलन होतं. लिफ्टपासून हॉल, हॉलपासून लिफ्ट. पूर्वी आमच्या चालीत टक्, मग घसट, मग टक् असा आवाज यायचा. घसट म्हणजे पाय पुढे सरकल्याचा. आता नुसतं टक्, टक्, टक्. आम्हाला बघितलं तर बूट आधीपेक्षा आखूडच दिसत होता, ते मी नाकारत नाही. पण बाई उंच दिसत होती. तिची पाठ सरळ झाली होती, पाऊल मोठं पडत होतं. दोन वाजले. तीन वाजले. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली, रिफत मला विसरली. एकदाही खाली बघितलं नाही, एकदाही वजन या पायावरून त्या पायावर टाकलं नाही. आजवर माझा समज होता की लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून मी आहे.

पाच वाजता अंतरानं तिला बोलावलं.

"बूट तेच आहेत?"

"तेच आहेत मॅडम."

"मग टाच वेगळी का दिसतेय?"

रिफतनं क्षणभर विचार केला. "सरकवून घेतली. आधी पाय घसरायचा, सगळं बोटांवर यायचं. तुम्हाला सांगितलं नाही. वाटलं, तुम्ही म्हणाल हिला जमत नाही."

अंतरा टॅबलेटकडे बघत होती. "सकाळी मी लिहिलं होतं, बुटाची लाइन ठीक नाही."

"आज किती फेऱ्या झाल्या गं?"

"मोजल्या नाहीत."

"तेच तर. रोज तू मोजायचीस. मला तुझ्या तोंडावर आकडा दिसायचा." अंतरानं बोटानं एक ओळ पुसली. "नियमात रंग आहे, उंची आहे. टाच कुठं असावी हे कुणी लिहिलेलंच नाही. रविवारी पत्र मिळेल."

पत्र मिळालं. मन्सूरनं ते दोनदा वाचलं, जैतूनला वाचून दाखवलं, आणि हिबानं ते फ्रिजवर चिकटवलं. ओल्ड एअरपोर्टचं घर राहिलं.

गोष्ट इथंच संपली असती तर मी मिरवत हिंडले असते. पण महिन्याभरात मला असा धक्का बसला की आधीचे सगळे फिके पडले. रिफतनं एक अर्ज लिहिला. आठ तास उभं राहणाऱ्या बायकांना सपाट बूट घालायची मुभा द्या, असा. खाली अकरा जणींच्या सह्या, पहिली तिची. अंतरानं अर्ज तीन दिवस टेबलावर ठेवला आणि मग आपली सही करून वर पाठवला. पंधरा दिवसांनी नियम बदलला. काळे, बंद बूट. टाच जिच्या तिच्या मर्जीवर.

मी भडकले. मी मोडून, घासून, नव्यानं ठोकून घेतलं ते या बाईसाठी, आणि हिनं मलाच रजा दिली. जैतूनलाही पटलं नव्हतं.

"हेच करायचं होतं तर टाच सरकवायचा एवढा खटाटोप कशाला केला गो?"

"अम्मी, नोकरी पक्की नसती तर अर्ज कुणाच्या जोरावर केला असता?"

जैतून आपल्या शिवणाकडे वळली, आणि माझा राग तिथंच उतरला.

आता मी दाराजवळच्या रॅकवर असते. ईदेला, कुणाच्या लग्नाला रिफत आम्हाला काढते, दोन तास घालते, हसत परत येते. माझ्या टोकाखालची रबरी टिकली दोनदा बदलून झाली, एका बाजूचं चामडं सोललंय. निवृत्तीच्या काउंटरवर हल्ली पुढे सरकवून घ्यायला आलेल्या इतर बुटांच्या टाचा दिसतात म्हणे. जैतून तिकडून आली की सांगते. हिबा अधूनमधून आमच्या बुटांत पाय घालून आरशासमोर उभी राहते. तिचं पाऊल वाढतंय.

पोरी, तू आणि तुझ्यासारख्या सगळ्याच, एक सांगते. दुकानात माझ्यासारखी कुणी आवडली तर आधी तिला सपाट फळीवर ठेवा, बुटात टाचेच्या जागी अंगठा दाबा. मग घालून उभ्या राहा, एका पायावर, बसून नाही. ती डगमगली, तुमची बोटं पुढे चेंगरली, तर ती कितीही देखणी असू दे, माझीच सख्खी बहीण असू दे, तिला तिथंच ठेवा आणि आपल्या जुन्या चपलांत घरी जा.